लोण्याचा पैसा कुणाच्या कनवटीला?

आज आपण लोण्याविषयी बोलणार आहोत. लोणी कसं काढायचं हे सांगायला आलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, हे आम्हाला काय शिकवता? खरं आहे. म्हणून आज आम्ही लोण्याचा इतिहास सांगणार आहोत.

निमित्त घडलं आमच्या गटाच्या बैठकीत. कर्जाच्या हप्त्यांचा विषय चालला होता. एक मैत्रीण म्हणाली, "दोन म्हशींचं शेण, वैरण, धार सगळं मी करते. पण दुधाचं बिल मालकांच्या खात्यावर जमा होतं. पन्नास रुपयांच्या बचतीसाठीसुद्धा मला हात पसरावा लागतो." त्यावर भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी पैसा थोडा होता, पण लोण्याचा पैसा बाईच्या कनवटीला असायचा." सगळ्याजणी गप्प झालो. मग हा पैसा कनवटीतून गेला कुठे, याचा शोध आम्ही घेतला. थोडं जुन्या बायकांना विचारलं, थोडं पुस्तकांत वाचलं.

आधी शब्दच बघा. संस्कृतात लोण्याला नवनीत म्हणतात. नव म्हणजे नवं, ताजं. नीत म्हणजे काढलेलं. हाच शब्द बोलता बोलता झिजून आपला 'लोणी' झाला. म्हणजे ताजं काढलेलं असणं हे लोण्याच्या नावातच आहे.

आपल्याकडे लोणी निघायचं ते दह्यातून. धारेचं दूध तापवायचं, कोमट झालं की विरजण लावायचं, पहाटे डेऱ्यात दही ओतून घुसळखांबाला रवी बांधायची आणि दोर ओढायचा. युरोपातल्या थंड देशांत कच्चं दूध पसरट भांड्यात ठेवत, वर आलेली मलई काढत आणि तीच घुसळत. आपल्या उन्हाळ्यात कच्चं दूध दुपारपर्यंतही टिकत नाही. दही मात्र आंबट झालं तरी वाया जात नाही. लोण्याचंही तसंच. ते दोन-चार दिवसांत वास मारायला लागतं, पण कढवून तूप केलं की महिनोन् महिने राहतं. दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप ही सगळी उन्हावर केलेली मात होती, आणि ती करणारे हात बाईचे होते.

घुसळून उरायचं ताक. लोणी-तूप बाजारात जायचं, पण ताक गावात वाटलं जायचं. ताक विकणं कमीपणाचं मानत. ज्यांच्या घरी दुभतं नाही त्यांच्या बायका भांडं घेऊन शेजारी जायच्या. 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' ही म्हण त्यातूनच आली. मागायला लाज वाटायची, पण मागितलं की मिळायचं. गरिबाच्या भाकरीला कोरड्यास म्हणून ताक असायचं. आणि आठवडी बाजारात लोणी-तूप देऊन आलेल्या पैशांतून मीठमिरची, बांगड्या, पोरांची पाटी-पेन्सिल निघायची. त्या पैशाचा हिशोब कुणी विचारत नसे. तो फार नव्हता, पण तो बाईचा होता.

मग यंत्र आलं. १८७८ साली स्वीडनच्या गुस्टाफ दे लावाल यांनी दूध फिरवून मलई वेगळी करणारं यंत्र तयार केलं. रात्रभर थांबायची गरज उरली नाही. भारतात इंग्रजांच्या फौजेला लोणी लागायचं. १८८९ मध्ये अलाहाबादला पहिलं लष्करी दुग्धालय निघालं. पुढे मुंबईचे पेस्तनजी एदलजी यांनी 'पॉलसन' नावाचं खारं लोणी काढलं आणि १९३० च्या सुमारास गुजरातेत आणंदला मोठी डेअरी उभारली. शहरात पावाला लावायचं पिवळं, खारट लोणी म्हणजे पॉलसन, असं समीकरण झालं. आपल्या म्हशीचं लोणी पांढरं असतं. गाईच्या दुधात गवतातला पिवळा रंग उतरतो, म्हशीच्या दुधात तो उतरत नाही.

१९४५ च्या सुमारास मुंबई सरकारने शहरासाठी आणंदहून दूध आणायला सुरुवात केली. दूध गोळा करण्याचं काम पॉलसनकडे होतं आणि शेतकऱ्याच्या हातात थोडेच पैसे पडत. सरदार पटेलांनी शेतकऱ्यांना स्वतःची सहकारी संस्था काढण्याचा सल्ला दिला. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस मुंबईला दूध जाऊ दिलं नाही. सरकार नमलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचा संघ नोंदला गेला. त्रिभुवनदास पटेल त्याचे पुढारी होते आणि १९४९ मध्ये वर्गीस कुरियन तिथे आले. त्या संघाचं लोणी म्हणजे अमूल. गंमत अशी की, ताज्या मलईचं अमूल लोणी मुंबईकरांना सुरुवातीला सपक लागलं, कारण जिभेला आंबवलेल्या मलईच्या खाऱ्या लोण्याची सवय झाली होती. शेवटी त्यात मीठ वाढवावं लागलं.

१९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' म्हणजे दुधाचा महापूर योजना सुरू झाली. गावोगावी दूध संस्था निघाल्या. आपल्याकडे कोल्हापूरचा जिल्हा संघ, म्हणजे गोकुळ, त्याआधीच १९६३ मध्ये स्थापन झाला होता. याचा फायदा लहान नव्हता. दलालाचा फास सुटला, दहा दिवसांनी का होईना ठरलेले पैसे मिळू लागले, म्हशीवर घर चालू लागलं. १९७६ मध्ये श्याम बेनेगलांनी यावर 'मंथन' चित्रपट काढला. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो उभा केला. त्यात आपली स्मिता पाटील होती.

पण आमचा प्रश्न इथेच सुरू होतो. दूध सकाळ-संध्याकाळ थेट संस्थेत जाऊ लागलं. घरात दही नाही, तर घुसळण नाही. रवी माळ्यावर गेली. शेजारणीचं ताक बंद झालं. ते बंद व्हावं म्हणून कुणी काही केलं नव्हतं, ते आपोआपच आटलं. आणि सभासद कोण? बहुतेक घरांत ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्याच नावावर दुधाचं पुस्तक. "आज फॅट किती लागली?" हे विचारायला बाई संस्थेत जाते, बिल उचलायला मात्र दुसरंच कुणी जातं. लोण्याच्या पैशाचं दुधाचं बिल झालं आणि ते कनवटीतून खात्यात गेलं.

तरीही लोणी घरातून पुरतं गेलं नाही. घरापुरतं ठेवलेलं दूध तापवलं की निवताना वर साय धरते. तीच आपण डब्यात साठवतो. फ्रीज आल्यापासून आठ-दहा दिवस साठवता येते. पूर्वी जे दह्याने केलं, ते आपण आता सायीने करतो. आणि त्यात जुनंच शहाणपण आहे. सायीला चमचाभर विरजण लावून रात्रभर ठेवलं की लोणी लवकर सुटतं आणि तुपाला खमंग वास येतो. लोण्याचा गोळा जमायला बेताचा गारवा लागतो. म्हणून उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घालायचं आणि कडक थंडीत जरासं कोमट. फार गरम झालं की लोणी पातळ होऊन ताकातच राहतं, फार गार असलं की कण एकमेकांना चिकटत नाहीत. गोळा आल्यावर पाणी निवळ होईपर्यंत धुवायचं, कारण आत राहिलेलं ताकच लोणी नासवतं. आणि कढवल्यावर खाली बसलेली बेरी टाकू नका. साखर घालून पोरांना द्या.

आम्ही हिशोबही मांडला. साडेसहा फॅटच्या दहा लिटर म्हशीच्या दुधात साडेसहाशे ग्रॅमच्या वर स्निग्धांश असतो. नीट घुसळलं तर पाऊण किलोच्या आसपास लोणी निघतं. शिवाय ताक हातात राहतं. पण त्यामागे पहाटेचा तास-दीड तास, सरपण आणि अंगमेहनत आहे. सगळं दूध घरी ठेवा, असं आम्ही म्हणणार नाही. डेअरीने जे दिलं ते विसरण्यासारखं नाही, आणि दोर ओढून खांदे भरून आलेल्या आजींना ते दिवस परत नको आहेत. त्या स्वतःच म्हणाल्या, "रवी नको गं बाई, पैसा हवा."

म्हणून आमच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, जी धार काढते तिच्या नावाने संस्थेचं सभासदत्व आणि बँकेचं खातं. काहीजणींनी घरात बोलणं काढलं आहे. एका घरात भांडण झालं, एका घरात सासूबाईच सुनेच्या बाजूने उभ्या राहिल्या. दुसरी, घरच्या सायीचं लोणी-तूप गटातून विकायचं आणि तो पैसा जिचा तिच्या बचतीला लावायचा.

पुढच्या बैठकीला येताना तुम्हीही दुधाचं पुस्तक घेऊन या. आत किती फॅट लिहिली आहे ते नंतर बघू. आधी वरचं नाव वाचू.