सोलापुरी टॉवेलचा पुरवठादार पारखताना

सोलापूरची चादर वा टॉवेल घाऊक घ्यायचा, तर पूर्वी परगावच्या व्यापाऱ्याला सोलापूरच गाठावे लागे. शहराच्या पूर्व भागातील कारखाने पालथे घालून, माल हाताळून आणि दलालाच्या शब्दावर विसंबून सौदा ठरे. १९९६ मध्ये ‘इंडियामार्ट’ सुरू झाले. २०१६ मध्ये सरकारी खरेदीसाठी ‘जेम’ आले. दलालाचे काम संकेतस्थळांकडे गेले. मात्र, दलाल माणूस ओळखत असे. संकेतस्थळाचा शोध केवळ शब्द ओळखतो.

हा फरक सोलापूरला महागात पडतो. येथील चादर आणि टेरी टॉवेल यांना २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही परप्रांतात विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो आणि संगणकाच्या पडद्यावर तो तसाच दिसतो.

पहिली चाचणी जीएसटी क्रमांकाची. त्याच्या पंधरा अक्षरांतील पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, हरियानाचे ०६. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला, की नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, हे विनाशुल्क कळते. अर्थात, २७ म्हणजे माल सोलापुरात विणला, असे नव्हे. त्यासाठी भौगोलिक मानांकनाचा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद आहे का, हे पाहावे. ‘ओइको-टेक्स’सारख्या प्रमाणपत्राची केवळ प्रत मान्य करू नये; त्यावरील क्रमांक देणाऱ्या संस्थेकडेच पडताळता येतो. संकेतस्थळाने पुरवठादाराच्या नावापुढे लावलेल्या ‘विश्वासू’ शिक्क्यावर फार भिस्त ठेवू नये. असा शिक्का अनेकदा पैसे भरून घेतलेल्या सभासदत्वाचा भाग असतो.

खरी परीक्षा नमुन्याची. टॉवेलचा दर्जा ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असा सांगतात. ७५ बाय १५० सेंटिमीटरच्या टॉवेलचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. ४५० जीएसएमचा दावा असेल, तर वजन ५०६ ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. साधा तराजू पुरतो. पण टॉवेल एकदा धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा तोलावा. खळ वा अन्य लेप देऊन वजन वाढविलेले असेल, तर ते इथे उघडे पडते. कापूस हवेतील ओलावा धरतो, त्यामुळे चार-दोन टक्क्यांच्या फरकावरून वाद घालू नये. धुतल्यावर आकार किती आटला, रंग पांढऱ्या कपड्याला लागतो का आणि किंचित ओढताच लूप सुटून येतो का, तेही पाहावे. नमुन्याचा अर्धा तुकडा दोघांच्या सहीने जपून ठेवण्याची व्यापाऱ्यांची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे.

पारख एकतर्फी असू नये. अनोळखी ग्राहकाला उधारीवर गाठोडी पाठवून लहान यंत्रमागधारक बुडतो, तेव्हा सुताची उधारी आणि कामगारांची मजुरी त्याच्याच गळ्यात पडते. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंबास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. मात्र, या संरक्षणासाठी ‘उद्यम’ नोंदणी माल पाठविण्यापूर्वीच केलेली असावी.