लिनक्सच्या पोटातला सी ड्राइव्ह

लिनक्सवर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान बसवा, विंडोजसाठी बनलेला एखादा गेम उतरवा आणि एकदा चालवून बंद करा. मग स्टीमच्या फोल्डरांत 'कॉम्पॅटडेटा' शोधून उघडा. आत त्या गेमच्या क्रमांकाचं फोल्डर, त्यात 'पीएफएक्स', त्यात 'ड्राइव्ह_सी', त्याच्याही आत 'विंडोज' आणि 'सिस्टिम३२'. विंडोजचा अख्खा संसार मांडलेला दिसतो, पण मायक्रोसॉफ्टची विंडोज त्या संगणकावर नसतेच. गेमला याचा पत्ता नसतो. तो सुखाने नांदतो.

या संसाराचं श्रेय बहुतेक जण स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीला देऊन मोकळे होतात. मूळ त्याहून बरंच जुनं आहे.

१९९३ मध्ये बॉब ॲमस्टॅड आणि एरिक यंगडेल यांनी विंडोज ३.१चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी 'वाइन' सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते अलेक्झांडर ज्युलियार यांच्याकडे आलं आणि आजही त्याची धुरा त्यांच्याच हाती आहे. फाइल उघड, खिडकी काढ, आवाज वाजव, अशा हजारो मागण्या प्रोग्रॅम विंडोजकडे करत असतो. त्यातल्या एकेका मागणीला तसंच उत्तर देणारा कोड नव्याने लिहायचा, हे वाइनचं काम. मायक्रोसॉफ्टचा कोड पाहायची सोय नाही, त्यामुळे बाहेरून चाचण्या घेत ताडायचं. वाइनची १.० आवृत्ती यायला जून २००८ उजाडला. पंधरा वर्षं ज्या चिकाटीने हे काम चाललं, तिची आठवण आज खेळणाऱ्या प्रत्येकाने ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी वाट होती गेमच लिनक्ससाठी नव्याने बांधायची. डेव्ह टेलर यांनी १९९४ मध्ये 'डूम' हा गेम लिनक्सवर आणला. १९९८ मध्ये निघालेल्या लोकी कंपनीने तर हाच धंदा केला आणि २००२ मध्ये ती बंद पडली. तिथे काम केलेल्या सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी मात्र टिकली आणि आज असंख्य गेम तिच्यावर उभे आहेत.

त्याच २००२ मध्ये वाइनच्या घरात भांडण झालं. ट्रान्सगेमिंग नावाची कंपनी वाइनचा कोड घेऊन गेमसाठी सुधारत होती आणि वर्गणी घेऊन विकत होती, पण सुधारणा परत देत नव्हती. तेव्हा वाइनवाल्यांनी परवानाच बदलला: कोड घ्या, पण त्यात केलेली दुरुस्ती खुली करा. माझ्या मते या सगळ्या वंशावळीतला हा सर्वांत मोलाचा निर्णय. त्यामुळे पुढे जो कोणी पैसा ओतणार होता, त्याचं काम सगळ्यांचं होणार होतं.

तो पैसा व्हॉल्व्हचा निघाला. २०१२ मध्ये व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी विंडोज ८वर जाहीर टीका केली, फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम आलं आणि २०१५ च्या अखेरीस लिनक्सवर चालणारी स्टीम मशीन बाजारात आली. ती फसली, कारण लिनक्ससाठी मुद्दाम बांधलेले गेम फारच थोडे होते.

कोंडी फोडली एका खेळाडूने. जर्मनीच्या फिलिप रेबोले यांना 'निअर: ऑटोमाटा' लिनक्सवर खेळायचा होता. त्या गेमची चित्रं मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडी ११ मार्फत निघतात आणि वाइनला ती धड जमत नव्हती. २०१७ मध्ये रेबोले यांनी डायरेक्टथ्रीडीकडे जाणाऱ्या मागण्या व्हल्कन या खुल्या ग्राफिक्स व्यवस्थेत बदलून देणारा 'डीएक्सव्हीके' लिहायला घेतला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने त्यांना कामावर घेतलं आणि २१ ऑगस्ट २०१८ ला वाइन, डीएक्सव्हीके वगैरे एकत्र बांधून 'प्रोटॉन' जाहीर केलं. सुरुवातीच्या यादीत २७ गेम होते. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या हातातल्या यंत्रावर विंडोजचे गेम त्याच्यामुळेच चालतात.

मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या आसेगावात हे यंत्र कोण घेणार? भारतात त्याची अधिकृत विक्रीच नाही. इथे येतात ते कार्यालयांतून निघालेले जुने संगणक. भाच्याकडे असाच एक आहे, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, वर साधं ग्राफिक्स कार्ड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चे मोफत अपडेट थांबले आणि मायक्रोसॉफ्टच्या अटींप्रमाणे विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. म्हणून त्यावर लिनक्स मिंट बसवलं. डीएक्सव्हीकेच्या नव्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागतं आणि फार जुन्या कार्डांना ते झेपत नाही, म्हणून जुना संगणक घेताना आधी कार्ड बघावं.

भाचा त्यावर खेळतो 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला हा गेम २०२० मध्ये आला. हरवलेल्या भावाला, गोलूला शोधत निघालेल्या राजीची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. स्टीमवर तो फक्त विंडोजसाठी आहे. पुण्यात बनलेला गेम आसेगावात पोचला तो ज्युलियार आणि रेबोले यांच्या मेहनतीच्या जोरावर, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अडतं ते ऑनलाइन खेळांपाशी. 'व्हॅलोरंट' चालत नाही. 'जीटीए ५'ची कथा खेळता येते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय ही फसवणूकरोधक यंत्रणा आल्यापासून त्याचं ऑनलाइन दार लिनक्सला बंद आहे. बॅटलआय २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतं, फक्त गेमच्या कंपनीने होकार कळवावा लागतो. तो अजून आलेला नाही, आणि खेळाडूंनी तो मागत राहायला हवा.