पृष्ठसंस्कार आणि सिमेंटबंध : दंतवैद्यकातील एका विचाराचा इतिहास

जुन्या गुळगुळीत भिंतीवर नवा गिलावा करावयाचा असला म्हणजे मराठवाड्यातील गवंडी प्रथम तीवर टाचे मारतो, सुटी धूळ झाडतो, पाणी मारतो आणि मगच माल चढवितो. गिलावा टिकतो तो जितका मालाच्या गुणाने तितकाच भिंतीच्या तयारीने, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. दंतवैद्यकास हे तत्त्व शास्त्र म्हणून स्वीकारावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. आयुर्वेदात ‘संस्कार’ या शब्दाने द्रव्याच्या ठायी नवा गुण उत्पन्न करणे अभिप्रेत असते. त्या अर्थाने सिमेंट लावण्यापूर्वीच्या या तयारीस ‘पृष्ठसंस्कार’ म्हणणे सयुक्तिक ठरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आलेले झिंक फॉस्फेट सिमेंट वस्तुतः दातास चिकटत नसे. दात व टोपी यांच्या खाचाखोचांत घट्ट बसून ते टोपी धरून ठेवी. साहजिकच पकड मिळावी म्हणून निरोगी दातही बराच घासावा लागे. १९३७ च्या सुमारास मेथाक्रिलेटची राळ कवळीसाठी वापरात आली व पुढे दात भरण्यासाठीही योजिली गेली; परंतु घट्ट होताना ती आकसे व कडेला फट पडे.

या अडचणीतून वाट काढली ती नव्या राळेने नव्हे, तर दाताच्या पृष्ठभागाकडे पाहण्याच्या नव्या दृष्टीने. धातूवर रंग बसण्यासाठी उद्योगांत फॉस्फोरिक आम्ल वापरीत, हे ध्यानी घेऊन अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर, म्हणजे इनॅमलवर, ८५ टक्के तीव्रतेचे तेच आम्ल ३० सेकंद लावून पाहिले. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने राळेची पकड अशा रीतीने पुष्कळ वाढते हे दाखवून दिले. १९६२ साली राफेल बोवेन यांच्या नव्या राळेस व तिच्यातील सिलेन-संस्कारित सिलिकाकणांस पेटंट मिळाले. १९६७ साली ग्विनेट व मात्सुई यांनी आम्लाने उघडलेल्या सूक्ष्म छिद्रांत राळेचे तंतू शिरतात, हे पकडीमागील कारण स्पष्ट केले.

येथवरचा विचार दाताच्या बाजूचा झाला. परंतु सिमेंटास दोन बाजू असतात. प्रयोगशाळेत उष्णता व दाब देऊन घडविलेल्या बहुवारिकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या, टोपीत रासायनिक संयोगास मोकळे द्विबंध फारच थोडे उरतात. त्यामुळे ताज्या सिमेंटास जोडून घेण्याजोगे तेथे फारसे काही नसते. म्हणून टोपीच्या आतील बाजूवर सुमारे ५० मायक्रोमीटर आकाराच्या ॲल्युमिना कणांचा झोत सोडून ती खरखरीत करतात. तीत काचेचे कण असल्यास ते उघडे पडतात व सिलेन त्यांस सिमेंटाशी जोडते. साध्या ॲक्रिलिकवर त्याचेच एकवारिक लावल्यास पृष्ठ किंचित फुगून नवी राळ आत शिरते. ‘पीक’ नामक बहुवारिक मात्र इतके निष्क्रिय असते की, त्यासाठी अतितीव्र सल्फ्युरिक आम्लाचाही प्रयोग करावा लागला. तात्पर्य, सर्व बहुवारिकांस लागू पडेल असा एकच संस्कार नाही. झोत प्रमाणाबाहेर गेल्यास पृष्ठास तडे जातात, आणि संस्कारित पृष्ठास लाळ लागल्यास सारा खटाटोप व्यर्थ होतो.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोय नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालावे, असे भारतीय मानक सांगते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधनविहिरींवरील भिस्त वाढली. आणि खडकाच्या दीर्घ सहवासात राहिलेल्या खोल पाण्यात फ्लोराइड अधिक असू शकते. बालपणी, दंतवल्क घडत असता, असे पाणी पोटात गेल्यास दातांवर पांढरे पट्टे व तपकिरी डाग उमटतात. ते झाकण्यासाठी राळेचा थर वा टोपी बसवावी, तर अशा दंतवल्काचा फ्लोराइडयुक्त बाह्य स्तर आम्लास सहज दाद देत नाही. म्हणून दोष मध्यम वा तीव्र असल्यास पृष्ठ हलकेच घासणे किंवा आम्लाचा अवधी वाढविणे, असे उपाय योजिले जातात. मात्र योग्य अवधीविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. त्या स्तराखालील दंतवल्क सच्छिद्र असल्याने अतिरेकही घातकच.

अशा रुग्णाच्या मुखात सिमेंटाच्या दोन्ही बाजूंस प्रतिकार असतो : एकीकडे फ्लोराइडने कणखर झालेला दंतवल्काचा स्तर, दुसरीकडे पूर्ण घट्ट झालेली राळ. सामान्य दातांवरून ठरविलेला प्रचलित अवधी येथे जसाच्या तसा लागू करणे म्हणजे भिंत न पाहताच टाचे मारणे होय. १९५५ नंतरच्या संशोधनाचा खरा वारसा एखादे विशिष्ट आम्ल वा विशिष्ट अवधी नसून, सिमेंट निवडण्यापूर्वी पृष्ठाची पारख करण्याची शिस्त हा आहे. आणि तिची निकड बीडसारख्या जिल्ह्यात विशेष आहे.