‘प्ले’ आणि ‘खेळ’ : यंत्रशाळेतील एका शब्दाचा इतिहास

ठाणे-कल्याण परिसरातील यंत्रशाळांच्या बोलीचा इतिहास तेथील यंत्रांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. कल्याणपलीकडील अंबरनाथ येथे १९५३ साली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच दशकात ठाण्याची वागळे इस्टेट व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत नावारूपास आली. मिलिंग मशीनवरील रोटरी टेबल सांभाळणाऱ्या कारागिरांच्या बोलीतील ‘प्ले’ या शब्दाचा व त्यामागील क्रियेचा विचार येथे करावयाचा आहे.

रोटरी टेबलाच्या पोटात एक दातेरी चाक व त्यात गुंतलेले मळसूत्र, म्हणजे कारागिरांचा ‘वर्म’, असते. चाकास ९० दात असल्यास हॅण्डलाच्या एका फेऱ्यात टेबल ४ अंश फिरते. ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या जेसी रॅम्सडेनने वर्तुळाचे विभाग पाडणारे जे यंत्र सिद्ध केले, त्याचे वर्णन १७७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या चाकास २,१६० दात होते. म्हणून मळसूत्राच्या एका फेऱ्यात ते १० कला फिरे. अंश, कला, विकला ही परिभाषा आपल्या ज्योतिषात पूर्वापार आहे आणि ‘मळसूत्र’ हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात नोंदलेला आहे. तेव्हा हे यंत्र समजावून सांगण्यास मराठीत शब्दांची वाण नव्हती.

हॅण्डलाची दिशा उलटविली की ते थोडे फिरते, टेबल मात्र जागचे हलत नाही. दात व मळसूत्र यांमधील ही मोकळीक म्हणजे ‘प्ले’. १०० मिलिमीटर त्रिज्येवर एका कलेची चूक सुमारे ०.०३ मिलिमीटर भरते. म्हणून नवशिका प्ले समूळ नाहीसा करू पाहतो. मळसूत्र पुष्कळदा एक्सेंट्रिक बुशमध्ये बसविलेले असते. बुश सैल करून किंचित फिरविला की ते चाकाजवळ सरकते. परंतु चाकाचा नित्य वापरातील भाग अधिक झिजलेला असतो. तेथे घट्ट केलेले टेबल इतरत्र अडते आणि दात अकाली झिजतात. जाणता कारागीर प्रथम धातूचा कीस व जुने तेल पुसून काढतो, टेबल पूर्ण फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधतो आणि तेथे हॅण्डल सहज फिरेल इतकी मोकळीक ठेवून मगच बुश आवळतो. उरलेल्या प्लेची बाधा होऊ नये म्हणून तो माप नेहमी एकाच दिशेने गाठतो व काप घेण्यापूर्वी टेबल क्लॅम्प करतो.

मराठीत हवा खेळते, शेतात पाणी खेळवितात, व्यापारात भांडवल खेळते ठेवावे लागते. यांपैकी कोठेही खेळ हा दोष नव्हे. तो आवश्यक मोकळेपणा होय. इंग्रजी शब्दातही हाच भाव आहे. परंतु तो उसना घेताना नवशिक्याच्या कानी केवळ बिघाडाचे नाव पडले. शिक्षकाने ‘टेबलाला खेळ किती ठेवावा’ असे विचारले, तर निम्मा धडा त्या प्रश्नातच येतो.

राज्याचे भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले व पुढे परिभाषाकोशही सिद्ध झाले. तथापि कोशात शब्द सापडतो, हाताचा अंदाज सापडत नाही. वागळे इस्टेटीत आज अनेक कारखान्यांच्या जागी कचेऱ्या आल्या आहेत. त्या यंत्रांवर हयात घालविलेल्या कारागिरांची बोली, तिच्यातील कृतींसह, आताच टिपून ठेवणे हे भाषाभ्यासकाचेही कर्तव्य आहे.