नाण्यावरचा अंकुश



पेशवाईतला एखादा चांदीचा रुपया प्रथमच हाती घेणाऱ्याची बहुधा निराशाच होते. त्यावर ना पेशव्यांचे नाव, ना छत्रपतींचे. सगळा मजकूर फारसी, आणि नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे! अटकेपर्यंत घोडी नेणाऱ्यांचे नाणे ते हेच काय, असे मनात येते. परंतु बाजारात ओळखीचे नाणेच चालते, आणि लोकांच्या हाताला सवय होती ती मोगली रुपयाची.

मग हा रुपया पडला कोठे, हे ओळखावयाचे कसे? फारसी मजकुरात 'जर्ब' या शब्दाशेजारी टांकसाळीचे गाव दिलेले असते. ते वाचले की झाले, असे आपणांस वाटेल. पण ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान! घाव बसला की मजकुराचा काही भाग उमटे, बाकीचा चकतीबाहेर राही. आणि पुष्कळदा नेमके गावाचेच नाव बाहेर गेलेले असते. पुण्याच्या रुपयावर ते उमटलेच, तर 'मुहियाबाद पुणे' असे वाचावयास मिळते. मुहियाबाद हे औरंगजेबाने पुण्याला दिलेले नाव. पेशव्यांच्या पुण्यात ते नाण्यावर तसेच राहिले, ही मोठीच गंमत म्हणावयाची.

येथे चिन्हे कामास येतात. पुण्याच्या रुपयावर माहुताचा अंकुश, म्हणून तो अंकुशी रुपया. होळकरांकडे इंदूरच्या रुपयावर सूर्याचे मुख, तर अहल्याबाईंच्या महेश्वरात शिवलिंग आणि बेलाचे पान. नाव सगळीकडे शाह आलमचेच. फारसी न येणाऱ्या कुणब्यालाही ही खूण कळे, आणि ती कळणे त्याच्या गरजेचे होते. कारण परमुलखाचा रुपया सराफापुढे टाकला की तो खूण पाही, कस पाही, वजन पाही आणि बट्टा कापून घेई. आज जी खूण आपण इतिहासासाठी शोधतो, तिच्यावर तेव्हा कुणाचा तरी सारा अडलेला असे.

मात्र केवळ चिन्हावर विसंबू नये. अहमदाबादेच्या मराठी अमलातील रुपयांवरही अंकुशच आहे. तेव्हा अंकुश दिसला की 'पुणे' अशी चिठ्ठी लावून मोकळे होणे हा उतावळेपणा होय. कडेला राहिलेले एखाद्या फारसी अक्षराचे शेपूटही अशा वेळी मोलाचे ठरते.

दुसरी फसगत काळाची. 1818 साली पेशवाई बुडाली, तरी पुण्याचा अंकुशी रुपया लगेच बंद झाला नाही. कंपनी सरकार तो पुढेही पाडीत राहिले. त्यांतील काहींवर फसली सन आहे. दक्षिणेतील फसली सनात 590 मिळवावे, म्हणजे इसवी सन निघतो. 1235 फसली म्हणजे 1825. पेशवाई जाऊन सात वर्षे लोटलेली, शाह आलम तर 1806 मध्येच वारलेला. आणि नाण्यावर अंकुश मात्र कायम! असे नाणे 'पेशवेकालीन' म्हणून मांडले, तर पाहणाऱ्याची फसवणूकच होते.

1835 साली कंपनीने 180 ग्रेनांचा, म्हणजे एक तोळ्याचा, एकच रुपया ठरवून दिला आणि या गावोगावच्या रुपयांचे दिवस भरले. खुणा मात्र गेल्या नाहीत. घरी गेल्यावर खिशातल्या नाण्यावरच्या सालाखाली नीट पाहा. बारीक हिरा असेल तर ते मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, वाटोळा ठिपका असेल तर नॉयडाचे. कोलकात्याच्या नाण्यावर सालाखाली काहीच नसते.