नीच तापमान प्रशीतक

नीच तापमान प्रशीतक : सुमारे १२० के. च्या (केल्विनच्या) खालील तापमान बंद मंडलात सतत निर्माण करणाऱ्या लहान यंत्रास नीच तापमान प्रशीतक किंवा क्रायोकूलर म्हणतात. द्रव नायट्रोजन (उकळबिंदू ७७ के.) वा द्रव हीलियम (४·२ के.) वापरूनही अशी तापमाने मिळतात, परंतु द्रव उकळून जातो व पुनःपुन्हा भरावा लागतो. प्रशीतकात मात्र तोच वायू, बहुधा हीलियम, दीर्घकाळ फिरत राहतो. जवळजवळ सर्व हीलियम आयात करणाऱ्या भारतासारख्या देशाला हा फरक केवळ सोयीचा नाही.

या यंत्रांचे मूळ स्कॉटिश धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांच्या १८१६ सालच्या उष्ण हवेच्या एंजिनात आहे. हे चक्र उलटे चालविल्यास शीतन होते. अलेक्झांडर कर्क यांनी १८६० नंतरच्या दशकात तसे यंत्र प्रत्यक्ष चालविले. तथापि हवा द्रवरूप करण्याइतके नीच तापमान या चक्राने गाठले ते १९५० नंतर, नेदर्लंड्समधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत याकोब कोलर व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांनी. यंत्राचे मर्म पुनर्जनित्रात असते. बारीक तारांच्या जाळ्यांची ही चळत थंड टोकाकडे जाणाऱ्या वायूतील उष्णता काढून घेते व परतणाऱ्या वायूला ती देते. तिच्या कार्यक्षमतेत थोडी तूट आली, तरी मिळालेले शीतन बहुतांशी वाया जाते.

पुढील इतिहास मुख्यतः थंड टोकाकडील हालचाल कमी करण्याचा आहे. १९५९ च्या सुमारास गिफर्ड व मॅकमहॉन यांनी संपीडक वेगळा ठेवून तो लवचिक नळ्यांनी शीत टोकाला जोडला. १९६० नंतरच्या दशकात गिफर्ड व लाँग्सवर्थ यांनी स्पंद नलिका पुढे आणली. तिच्या थंड भागात हलणारा एकही भाग नसतो. १९८४ मध्ये मिकुलिन यांनी तिला लहान छिद्र जोडल्यावर ती खऱ्या अर्थाने उपयुक्त ठरली. सुमारे १० के. च्या खाली शिशाची विशिष्ट उष्णता फार घटते व पुनर्जनित्र निकामी होते. ही अडचण १९९० च्या सुमारास एर्बियम-निकेल संयुगांसारख्या चुंबकीय पदार्थांनी दूर केली.

भारतात द्रव हीलियम प्रथम १९५२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत तयार झाला. महाराष्ट्रात प्रशीतकांवरील सलग संशोधन पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत झाले. तेथील एम. डी. अत्रे, एस. एल. बापट व के. जी. नारायणखेडकर यांनी १९९० मध्ये स्टर्लिंग प्रशीतकाच्या चक्रीय सदृशीकरणाची पद्धत प्रसिद्ध केली. १८७१ चे श्मिट यांचे जुने विश्लेषण यंत्रातील वायूचे तापमान ठिकठिकाणी स्थिर मानते, त्यामुळे त्याने काढलेले शीतन प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ जास्त येते. नव्या पद्धतीत यंत्राचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागातील वायूचे वस्तुमान, दाब व तापमान यांचा चक्रभर मागोवा घेतला जातो. अत्रे यांनी पुढे याच संस्थेत स्पंद नलिकांवरही काम केले.

गणितापेक्षा घडण कठीण, असेच या क्षेत्राविषयी म्हणावे लागते. दट्ट्या व सिलिंडर यांतील फट काही मायक्रॉनच ठेवावी लागते. शिवाय वंगण तेलाची वाफ थंड टोकाशी गोठत असल्याने दट्ट्या तेलाविना चालवावा लागतो. ऑक्सफर्ड येथे लवचिक चकत्यांवर दट्ट्या तोलून घर्षण टाळण्यात आले. असे प्रशीतक १९९१ मध्ये उपग्रहावर गेले. अशी सूक्ष्म यंत्रकामाची परंपरा केवळ शोधनिबंधांतून उभी राहत नाही.

उपयोगाचे एक चांगले उदाहरण जुन्नरजवळील गिरवली येथे आढळते. पुण्याच्या आयुका संस्थेच्या तेथील २ मी. दूरदर्शकावर (२००६) टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिरकॅम–२’ हा अवरक्त कॅमेरा वापरला गेला. पुढे तो उत्तराखंडातील देवस्थळ येथे नेण्यात आला. त्याचा इंडियम अँटिमोनाइडाचा अभिज्ञातक बंद मंडलातील हीलियम प्रशीतकाने ३५ के. पर्यंत थंड केला जातो. नायट्रोजन ६३ के. ला गोठत असल्याने तो येथे उपयोगी पडत नाही.

सामान्य माणसाचा या यंत्राशी संबंध रुग्णालयात येतो. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाच्या बहुतेक यंत्रांतील अतिसंवाहक चुंबक द्रव हीलियमात बुडविलेला असतो आणि त्यावरील ४ के. चा प्रशीतक उकळणारा हीलियम जागच्या जागी पुन्हा द्रवरूप करतो. रोगतपासणी चालू नसतानाही खोलीत ऐकू येणारा लयबद्ध ठोका त्याचाच असतो. तो थांबला की हीलियम उडून जाऊ लागतो. [→ अतिसंवाहकता].