पानशेत, भिडे पूल आणि वीस वर्षांचं होमलोन

पुण्यात पुराची चौकशी एकाच वाक्यात होते: "भिडे पूल पाण्याखाली गेला का?" गेला असेल तर फोटो काढायचे आणि दुसऱ्या पुलावरून ऑफिस गाठायचं. डेक्कनजवळचा हा बुटका पूल म्हणजे आपली फुकटची मोजपट्टी. पण १२ जुलै १९६१ ला या शहरात काय झालं, ते माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. म्हणून हा वीकेंड पानशेतचा.

तर मंडळी, पानशेत हे आंबी नदीवरचं मातीचं धरण. तेव्हा ते बांधून पुरं व्हायचं होतं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट होतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी साठू दिलं गेलं. पाऊस जोरात झाला, बांध खचायला लागला. ११ तारखेच्या रात्री लष्कराचे जवान तिथे वाळूची पोती रचत होते. सकाळी बांध फुटला. तो सगळा लोंढा खडकवासल्यावर आला. ते इंग्रजांच्या काळातलं, ८० वर्षांचं दगडी धरण. त्यानं काही तास तग धरला आणि मग तेही गेलं. लकडी पूल बुडाला, नदीकाठच्या पेठांमधले वाडे बसले. लोंढा दिवसाउजेडी आला म्हणून खूप जण वाचले, नाहीतर..

मला यातली ती रात्र खटकते. जवान बोलावले म्हणजे धोका कुणाला तरी कळला होता ना? पानशेतहून पुणं चाळीसेक किलोमीटर. माहिती होती, पण ती नारायण पेठेतल्या तळमजल्यापर्यंत नेणारी वाट नव्हती. आमच्या भाषेत, सर्व्हरवर अलार्म वाजत होता आणि ऑन-कॉल कुणीच नव्हतं. शेजारच्या काकू तेव्हा नऊ वर्षांच्या. त्यांना विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" तर म्हणाल्या, "सांगतंय कोण! लोक पळताना दिसले, म्हणून आम्हीही पळालो." त्यांची महत्त्वाची कागदपत्रं आजही प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर असतात.

पुढे चौकशी आयोग वगैरे झाले. पूरग्रस्तांना गोखलेनगर, सहकारनगर अशा ठिकाणी घरं मिळाली, नदीपासून लांब आणि उंचावर. आणि नंतरच्या पिढ्यांनी काय केलं? पुन्हा नदीकडेच सरकत गेलो! २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्युसेक, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे घरांत शिरलं. पुन्हा लष्कर आलं. रहिवाशांची तक्रार तीच, वेळेवर कुणी सांगितलं नाही. (धरण शाबूत होतं, एवढाच काय तो फरक.)

नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. हे "एकदा" फार फसवं आहे. त्याचा अर्थ दर वर्षी अनुक्रमे ४ टक्के आणि १ टक्का शक्यता. आता २० वर्षांचं होमलोन धरा. निळ्या रेषेच्या आतल्या घरात लोन फिटेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते. नाणं उडवण्यापेक्षा जास्त! लाल रेषेलगत १८ टक्के. ब्रोशरमध्ये "रिव्हर व्ह्यू" छापतात, हे नाही छापत.

आमची सोसायटीही नदीपासून फार लांब नाही. मागच्या महिन्यात मीटिंग झाली. विजेचे मीटर आणि पंपाचं पॅनेल वर घ्यायचं एका मतानं ठरलं, पार्किंगवर मात्र दीड तास भांडण. रात्री तीनला विसर्गाचा मेसेज आला तर तळमजल्यावरच्या सहा घरांची बेल कोण वाजवणार, त्यासमोरचं नाव अजून कोरंच आहे.